ठासणीची बंदूक

आमच्या घरी रायफल होती. मी शाळेत असताना वर्गातल्या कुणाच्या घरी रंगीत टीव्ही होता, कुणाच्या घरी फ्रीज होता, कुणाचे मामा दुबईला होते. माझ्याजवळ सांगण्यासारखे असे काही नव्हते. पण रायफल होती, आणि ती मी वर्षानुवर्षे पुरवून पुरवून सांगितली. यंदाच्या वैशाखात कळले की ती रायफल नव्हतीच. तेवढेच कळले असते, तर दिवाळीचे हे पान मी दुसऱ्या एखाद्या विषयाला दिले असते.

माझे माहेर दिघाशीचे. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसून अंबाडीला उतरले, की दिघाशी जवळच. भोवती भाताची खाचरे, पलीकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीचा मुलूख, आणि रान अजून अगदीच संपलेले नाही. आमच्या माजघराच्या भिंतीवर दोन लाकडी खुंट्यांवर ही बंदूक आडवी असे. दस्ता देवघराकडे आणि तोंड परसाकडे. खंडेनवमीला ती खाली येई. बाबा तिला तेलाचा बोळा फिरवीत, आई कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या शेजारी ती मांडून हळदकुंकू वाही, झेंडूचे फूल ठेवी. मग ती पुन्हा वर. आईचा एक नियम होता: परसाच्या बाजूच्या भिंतीशी कोणा मुलाचे अंथरूण घालायचे नाही. पाहुणे कितीही आले, जागा कितीही अपुरी पडली, तरी ती पट्टी मोकळी. आम्ही विचारले की ती म्हणे, “तिचं तोंड तिकडं आहे.” बाबा हसत. “अगं, रिकामी आहे ती,” असे म्हणत. त्यावर आई काही बोलत नसे आणि अंथरूणही घालत नसे.

बाबा फाल्गुनात गेले. चैत्रात भावाचा फोन आला. भाऊ शेती सांभाळून भिवंडीच्या एका गोदामात नोकरी करतो. त्यामुळे रात्रीची राखण त्याला जमत नाही, आणि गेली काही वर्षे रानडुकरांनी भाताचा उच्छाद मांडला आहे. एक कळप एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखे करून जातो. तो म्हणाला, “ताई, बाबांची बंदूक दुरुस्त करून घेऊ. घोडा हलत नाही, आणि केप बसवतात ना, तो लहानसा भाग गंजून गेलाय. तू ठाण्याला असतेस, मुंबईला तुझं जाणं-येणं असतं. तेवढा सुटा भाग बघ की कुठं मिळतो.”

मोटारीचा आरसा मिळतो, शिवणयंत्राचा पट्टा मिळतो, मिक्सरचे भांडे मिळते, तसाच हाही भाग मिळेल, अशा समजुतीने मी निघाले. पहिल्यांदा चोरबाजारात गेले. तिथे जुन्या घड्याळांची चक्रे, जहाजावरचे कंदील, बिनकाट्यांचे होकायंत्र असे सारे मांडलेले. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझे ऐकून घेतले आणि हातातले फडके खाली ठेवले. “बाई,” तो म्हणाला, “शिकलेल्या दिसता, म्हणून सांगतो. हे असं रस्त्यावर विचारत फिरू नका.” मी ओशाळून बाहेर पडले. का, ते मला तेव्हा कळले नाही.

मग एका सहकाऱ्याने परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचे दुकान सुचवले. काचेच्या कपाटांमागे एक वयस्क कारकून बसले होते. मी फोनवरचे फोटो पुढे केले आणि म्हणाले, “आमच्या रायफलचा एक भाग हवा आहे.”

त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. “रायफल म्हणता, तर नळीत आटे आहेत का?”

“म्हणजे?”

“स्क्रूला असतात तसे. नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्या असल्या तर ती रायफल. नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती नुसती बंदूक. परवान्यावर काय लिहिलंय?”

परवाना मी पाहिलाच नव्हता. तिथूनच भावाला फोन केला. त्याने बाबांची पत्र्याची पेटी उघडून कागद काढला आणि वाचला: “एस. बी. एम. एल.; शेतीसंरक्षणासाठी.” कारकुनांनी मान हलवली. एक नळी, तोंडाकडून भरायची. ठासणीची बंदूक. चाळीस वर्षे जिला आम्ही रायफल म्हणत आलो, तिचे खरे नाव पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवले होते.

ते गृहस्थ मोकळ्या स्वभावाचे निघाले. त्यांच्या बोलण्यातून, आणि पुढे मी स्वतः वाचून, जे समजले ते थोडक्यात सांगते. नळीत आटे असले की गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत बाहेर पडते आणि सरळ जाते. नसले की शंभर पावलांपलीकडे तिचा भरवसा नाही. १८५७ च्या बंडाचे निमित्त ठरलेली काडतुसे होती ती आटे असलेल्या एनफील्ड रायफलची. १८५३ सालची ती घडण. तिचे चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. बंड शमल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती दिसायला तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. लांबून नेम धरण्याची सोय त्यांनी स्वतःपुरती ठेवली. एवढा मोठा अविश्वास, आणि तो त्यांनी नळीच्या आत, वरून दिसणार नाही असा लपवला.

“आणि तो भाग?” मी विचारले.

“तो मिळायचा नाही. मिळाला तरी बसायचा नाही.”

का बसायचा नाही, हे कारण मला फार पटले. बदलता येणारा सुटा भाग ही कल्पनाच जुनी नाही. जुन्या बंदुकीचा प्रत्येक स्क्रू कारागीर त्या एका बंदुकीपुरता कानशीने घासून बसवी. शेजारच्या बंदुकीचा स्क्रू हिला चालत नसे. स्क्रूच्या आट्यांना सर्वत्र एकच माप असावे असे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ मध्ये सुचवले. आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून यंत्रे आणून एकाचा भाग दुसऱ्याला बसेल अशा बंदुका निघू लागल्या, त्या १८५० नंतरच्या दशकात. त्याआधीच्या, किंवा त्यानंतरही गावोगावच्या लोहारांनी आणि मुंगेरसारख्या ठिकाणच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या बंदुकीला ‘सुटा भाग’ नसतो. तिचा भाग तिच्याच मापाने नव्याने घडवावा लागतो. चापाच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ अशी अक्षरे दिसली, तरी तेवढ्याने ती विलायतेची ठरत नाही, कारण त्या शिक्क्याच्या नकला पुष्कळ झाल्या. खरी साक्ष नळीवरच्या परीक्षेच्या खुणांची. बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्यांची कायद्याने परीक्षा होई. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार उडवायचा आणि नळी टिकली तर तिच्यावर खूण उमटवायची. आमच्या बंदुकीवर ना मुकुट, ना खूण. ती बहुधा इथलीच, कोणा देशी लोहाराच्या हातची.

कारकुनांनी कागद पुढे केला. “नेमकं काय तुटलंय, त्याची नावं लिहून द्या.” आणि मी, पंधरा-वीस वर्षे मराठी शिकवणारी, पेन हातात धरून बसून राहिले. नळी आणि दस्ता यांपलीकडे मला एकही शब्द येत नव्हता.

घरी आल्यावर शब्दकोश काढले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती नेमकी १८५७ ची. मग दाते मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, १९३२ ते १९३८ या काळात निघालेला. रात्रभर त्यात रमले. जी भाषा मी रोज बोलते, तिच्या खिशात केवढी दारू भरलेली आहे, हे तेव्हा कळले! बंदूक तोंडाकडून भरायची: आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने दाबून बसवायचे. तो गज म्हणजे ठासणी. आपण वादात एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो, पिशवी ‘ठासून’ भरतो. दाबून भरण्याचेच ते काम. भरलेल्या ऐवजाला ‘बार’ म्हणायचे. आमचे आबा, म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, तंबाखूचा बार भरतात, आणि कुणाचा बेत फसला की आपण म्हणतो, बार फुसका निघाला. नळीच्या मागच्या बाजूच्या बारीक छिद्राला ‘कान’ म्हणत. गडावरून पळ काढताना तोफा शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांच्या कानात खिळे ठोकीत. त्या कानाशी घालायची बारीक दारू म्हणजे ‘रंजक’. दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारले, तर उत्तर आले, “रंजक म्हणजे मनोरंजन करणारे.” चूक म्हणवेना.

कानाशी विस्तव कसा न्यायचा, यावर बंदुकीच्या पिढ्या ठरतात. पहिली तोड्याची बंदूक. पेटती वात, म्हणजे जामगी, रंजकीला टेकवायची. पुढची चकमकीची. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. पण रंजकीचा भपका आधी दिसे आणि बार क्षणभराने उडे, तेवढ्यात पाखरू उठून जाई. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या एका पाद्र्याला शिकारीचा नाद होता आणि हा क्षण त्याला फार सलत होता. घाव बसताच पेट घेणारे द्रव्य वापरून त्याने नवी युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. तीच केप. ती पोकळ बोंडीवर बसवायची, घोडा तिच्यावर आपटायचा, ठिणगी बोंडीतून आत जाते. तुमच्या घरची मुले या दिवसांत टिकल्यांची बंदूक घेऊन दारादारांत लपत असतील. काही घरांत टिकल्यांना अजून केपाच म्हणतात. त्या पाद्र्याच्या चुकलेल्या पाखरांची ही नातवंडे.

आमची बंदूक या तिसऱ्या पिढीची. नावे सापडली, कागदावर लिहिली: घोडा, त्याचा स्क्रू, केपेची बोंडी. मोठ्या ऐटीत पुन्हा दुकानात गेले. कारकुनांनी यादी वाचली, हसले, आणि विचारले, “परवाना कुणाच्या नावे आहे?”

“वडिलांच्या.”

“ते स्वतः येऊ शकतील?”

“ते फाल्गुनात गेले.”

त्यांनी यादी घडी करून माझ्यासमोर ठेवली. “मग बाई, आधी ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. भागाचं नंतर बघू.”

घरी येऊन मी कायदा वाचला. मराठीच्या माणसाने कायदा वाचावा. विशेषणे कमी कशी वापरावीत, हे त्यातून समजते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात. म्हणजे मी चोरबाजारात मागत होते ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच. बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो, तेव्हा गावच्या लोहाराने नुसता घोडा बसवून दिला तरी तो गुन्हा. बाळगण्याचा हक्क ज्या दिवशी संपला, त्यानंतर विनाकारण उशीर न करता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे, असे कलम २१ सांगते. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. तशी वाट २०१६ च्या नियमांत आहे. पण बापाच्या मागे बंदूक घरासारखी आपोआप मुलाकडे येत नाही.

हाच कायदा ठासणीच्या बंदुकीकडे जरा मायेने पाहतो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ती मागितली, तर परवाना द्यावा, असे कलम १३ मध्ये तिचे नाव घेऊन म्हटले आहे. कोकणात अशा परवान्यांच्या बंदुका घरोघर असत, त्या यामुळे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये तर कोडव लोकांना इंग्रजी अमदानीपासून परवान्याचीच माफी आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती सवलत २०२९ पर्यंत वाढवली. तिथे कैलपोळ्द नावाच्या सणाला बंदुकांची पूजा होते, आपल्या खंडेनवमीसारखीच. पण कोडगू कोडगूला आणि दिघाशी भिवंडी तालुक्यात! आमच्या माजघरात दोन-अडीच महिने बिनपरवान्याची बंदूक टांगलेली होती, आणि घरातली शिकलेली माणसे तिच्यासाठी बाजारात भाग शोधत हिंडत होती.

वैशाखात मी दिघाशीला गेले. बंदूक भिवंडीला नेऊन जमा करायची, असे ठरले. भाऊ स्टुलावर चढला. इतक्यात आबा काठी टेकत आले. वय ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येते. एके काळी बाबांबरोबर मचाणावर राखणीला जात. त्यांनी दारातूनच हात वर केला. “थांब. तिला हलवू नको. आधी ठासणी दे माझ्याकडं.”

भावाने नळीखालच्या खोबणीतली ठासणी ओढून दिली. आबांनी तोंडासमोर न येता, बाजूला उभे राहून ती हलक्या हाताने नळीत सोडली. ठासणी अडेपर्यंत गेली. नळीच्या तोंडाशी त्यांनी नखाने खूण धरली, ठासणी बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून धरून पाहिली. ती केपेच्या बोंडीपर्यंत पोचायला हवी होती. चार बोटे कमी पडली.

“भरलेली आहे,” आबा म्हणाले.

माजघरात कुणी बोलेना. माझी मुलगी त्याच खोलीत पत्ते मांडून बसली होती, भावाची दोन्ही मुले ओसरीवर होती. फाल्गुनात बाराव्या-तेराव्याला सगळे गोत जमले होते, पन्नास माणसे या घरात निजली होती. मी नकळत परसाच्या भिंतीकडे पाहिले. ती पट्टी मोकळी होती. तेव्हाही आईने तिथे कुणाला निजू दिले नव्हते.

आई चुलीपाशी होती. तिला सांगितले. ती बाहेर आली, बंदुकीकडे पाहत उभी राहिली. मग हळूहळू तिला ती रात्र आठवली. गेल्या आश्विनात भात दाण्याला आले होते. कळप आल्याची चाहूल लागली म्हणून बाबा उठले, दिव्याजवळ बसून त्यांनी बार भरला आणि बांधावर गेले. बऱ्याच वेळाने परतले. म्हणाले, “केप फुटली, पण बार गेला नाही. दोनदा बघितलं.” अंग तापले होते. उद्या बघू म्हणून त्यांनी बंदूक खुंटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ताप वाढला, मग दवाखाना, मग इस्पितळ. ते उद्या आलेच नाही. बोंडीच्या छिद्रात गंज आणि काजळी साचली होती, ठिणगी आत पोचली नव्हती; एवढेच काय ते झाले होते. आम्ही जो गंजलेला भाग बदलायला निघालो होतो, त्या गंजानेच आतला बार इतके महिने थोपवून धरला होता. नवा भाग मिळाला असता आणि भावाने हौसेने केप लावून घोडा पाडून बघितला असता, तर? हा विचार मी अजून शेवटापर्यंत करू शकत नाही.

कोरडी राहिलेली दारू वर्षांनी मरत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या संग्रहात एक तोफ होती, १७८० मध्ये बुडालेल्या ‘हुसार’ नावाच्या इंग्रजी जहाजावरची. कित्येक वर्षे ती लोकांना पाहायला मांडलेली होती. जानेवारी २०१३ मध्ये गंज काढताना तिचे तोंड उघडले, तर आत गोळा, बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू निघाली, तीही पेट घेऊ शकेल अशी. सव्वादोनशे वर्षे होऊनही! आमची तर जेमतेम सात महिन्यांची. तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या घरी, माळ्यावर किंवा दिवाणखान्यात शोभेला म्हणून अशी एखादी ठासणीची असेल, तर एवढेच करा: ती रिकामी आहे असे धरून चालू नका, तिच्यात स्वतः काही खुपसू नका, तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा. आबांनी केले ते आबांचा हात होता म्हणून. आता असे हात फार उरले नाहीत.

आम्हीही तेच केले. भावाने फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी रागे न भरता सांगितले, की जागची हलवू नका, मुलांना दुसऱ्या घरी पाठवा. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आणि त्यांच्याबरोबर परवाना असलेला बंदूक-मिस्त्री आला. मिस्त्रीने बंदूक अंगणात नेली, तोंड मोकळ्या खाचराकडे केले आणि सर्वांना मागे सारले. आधी त्याने नळीत पाणी ओतले आणि बराच वेळ तसेच राहू दिले. दारू ओली झाली की निकामी. मग गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून त्याने आतला बोळा फिरवत फिरवत बाहेर ओढला. वर्तमानपत्रावर काळा चिखल पडला, मग छर्रे टपटपले, आणि शेवटी चिंधीचा दुसरा तुकडा निघाला. निळ्या चौकड्यांचा. आईने तो ओळखला. बाबांच्या जुन्या शर्टाचा होता. ती काही बोलली नाही. हवालदाराने विचारले, “आजी, हा ठेवायचाय का?” तिने मानेनेच नको म्हटले आणि आत गेली.

बंदूक जमा झाली, पोच मिळाली. आता पुढे काय, यावर भाऊ आणि मी पुष्कळ बोललो. स्वतःच्या नावे परवाना मागायचा, तर कागदपत्रे करावी लागतील, चौकशी होईल. ते होण्यासारखे आहे. पण परवाना मिळाला म्हणून रानडुक्कर मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि नुसता आवाज करून कळप उठवायचा, तर त्यासाठी शंभर वर्षांची नळी कशाला पणाला लावायची? ती आतून किती गंजली आहे, हे मिस्त्रीने दाखवलेच होते. भावाने यंदा शेजारच्या चौघांना घेऊन पाळीपाळीची राखण लावली आहे. पत्र्याचे डबे, बॅटऱ्या आणि दोन कुत्री. नुकसान झाले की वनखात्याकडून पंचनामा करून भरपाई मागता येते, तेही त्याने विचारून घेतले आहे. दुसरा मार्ग म्हणजे बंदूक कायमची निकामी करून शोभेपुरती घरी आणणे. दुरुस्त करूनही जी उडू शकणार नाही, अशा कालबाह्य हत्याराला कायदा बहुतांशी मोकळे सोडतो. यांतले काय करायचे, ते आईवर सोपवले आहे. ती म्हणाली, “घाई कशाला? तिथं ती कुणाच्या अंगावर नाही.”

मी मात्र एक काम उरकून घेतले. जूनमधल्या दोन रविवारी दिघाशीला जाऊन आबांजवळ वही घेऊन बसले आणि त्यांना येत असलेले शब्द लिहून घेतले. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याला ते ‘माशी’ म्हणतात. दारू ठेवायचे ते ‘शिंग’. कोशात मी जे रात्रभर शोधले होते, त्यातले निम्मे त्यांनी तंबाखूचा बार तोंडात ठेवून तासाभरात सांगितले, आणि कोशात नाही असेही एक सांगितले: दोन माणसे मचाणावर असली तर बार भरलेला असल्याची खूण म्हणून ते दस्त्याला दोरा बांधत. सुटला दोरा म्हणजे रिकामी. मी विचारले, “मग बाबांनी त्या रात्री दोरा का बांधला नाही?” आबा म्हणाले, “पोरी, तो एकटा होता. एकट्यानं कुणासाठी बांधायचा?”

बाबा असताना मी त्या बंदुकीविषयी त्यांना एक प्रश्न विचारला नाही. रायफल आहे, एवढे मला पुरेसे होते. आईला तिच्यातल्या एकाही भागाचे नाव ठाऊक नव्हते, पण तिला जे ठाऊक होते त्यावर आमची मुले सुखरूप निजली.

दिवाळी अंकाचे संपादक मजकूर फार आधी मागतात. हे लिहीत आहे तेव्हा भाद्रपद संपत आला आहे आणि खंडेनवमी पुढे यायची आहे. परवा आईचा फोन होता. कोयता, विळा, फाळ काढून ठेवले म्हणाली. मी विचारले, “आणि बंदुकीच्या जागी काय मांडणार?” ती म्हणाली, “पोलिसांची पावती आहे की. तिला हळदकुंकू लावीन.” मग थोडे थांबून म्हणाली, “दिवाळीला पोरांना घेऊन ये. या वेळी भिंतीकडेसुद्धा अंथरूण घालता येईल.”